कमी पटीचं भिंग

कार्तिक संपत आला की आमच्या रहिमतपूरच्या आसपास दोन गोष्टी एकदम सुरू होतात. उसाचा हंगाम सुरू होतो आणि आभाळ स्वच्छ होतं. दोघांचं आपसात जमत नाही. संध्याकाळी कुणीतरी फडात पाचट पेटवतं, धुराचा पट्टा पूर्वेला आडवा पसरतो, आणि नेमक्या त्याच दिशेला कृत्तिका वर येत असतात. मी परसात खुर्ची टाकून बसतो. कानटोपी, मफलर, गुडघ्यावर शाल. धूर विरायची वाट बघायची, एवढंच काम आता उरलेलं आहे. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जातात, त्यांच्यावरची गाणी कंपाउंडवरून आत येतात आणि ट्रॉलीबरोबरच निघून जातात.

परसात माझी दुर्बीण असते. सहा इंच व्यासाचा आरसा, पत्र्याची लांब नळी, सुतारानं केलेली लाकडी बैठक. शाळेनं ती मोडीत काढली तेव्हा, निवृत्त होताना, मी घरी आणली. त्यालाही वीस वर्षं झाली. तिचा आरसा अजून धड आहे, पण यंदाच्या पावसाळ्यात तिच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, बुरशी लागली. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. पुसून जाईनात. नवा आयपीस मागवायचा ठरलं आणि इथून पुढं माझी झोप गेली.

आयपीसवर एक आकडा असतो, मिलिमीटरचा. आकडा जितका लहान तितकी वस्तू मोठी दिसते. सहाचा आयपीस माझ्या दुर्बिणीला लावला तर दोनशे पट. पंचवीसचा लावला तर अठ्ठेचाळीस पट. बत्तीसचा लावला तर जेमतेम सदतीस-अडतीस. आणि मला हवा होता बत्तीसचा.

सूनबाई मोबाइलवर मागवून देणार होती. ती स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, “बाबा, हा सहाचा बघा ना. दोनशे पट मोठं दिसतं म्हणे. तुम्ही नेमका कमीचा कशाला मागवताय?” मी म्हटलं, कमीच पाहिजे. तिनं मान हलवली. म्हाताऱ्या माणसाला औषधाची वेळ पटवून देताना हलवते, तशी. पुण्याच्या दुकानदाराला फोन केला तर तोही म्हणाला की काका, असला सहसा कुणी नेत नाही, एकदा दिला की परत घेणार नाही. मग चाळीसचा घ्यावा का, असं मी त्यालाच विचारलं. तो चाळीसचाही द्यायला तयार होता.

त्या चाळीसच्या पायी आणखी चार दिवस गेले. कागदावर आकडेमोड करत बसलो. बत्तीसच्या वर गेलं की पट कमी होते, पण आमच्या बारीक नळकांड्यातून दिसणारा आभाळाचा तुकडा काही वाढत नाही. उगाच सगळं अंधाऱ्या बोगद्याच्या टोकाशी दिसल्यासारखं होतं. शिवाय पट जितकी कमी, तितका आयपीसमधून येणारा प्रकाशाचा झोत जाड. अंधारात तरुण माणसाची बाहुली चांगली सात मिलिमीटर उघडते. माझ्या वयाच्या माणसाची पाचसुद्धा धड उघडत नाही. म्हणजे चाळीसचा लावला तर आरशानं गोळा करून आणलेला उजेड माझ्या डोळ्याच्या काठावरून बाहेर सांडणार. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या डोळ्यात मावेल एवढाच उजेड मागावा. बत्तीसचा मागवला.

एवढा विचार मी तेव्हा केला असता, चौतीस वर्षांपूर्वी, तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

माण तालुका संपतो आणि आटपाडी सुरू होते, त्या शिवेवरच्या एका गावात मी विज्ञान शिकवत होतो. म्हसवडहून एसटीनं उतरलं की कुसळं, बाभळी, मेंढरांचे कळप, आणि चारी बाजूंनी आभाळ. पाणी नव्हतं, पण आभाळ होतं. धूळ बसलेल्या थंडीच्या दिवसांत तिथल्या चांदण्या अशा खाली यायच्या की नव्या माणसाला दचकायला व्हावं. त्या सबंध मुलखात दुसरं काही फुकट मिळत नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेचा परिचर भूपाल चौगुले. कृष्णाकाठच्या सांगलीकडच्या गावचा, जैन शेतकऱ्याच्या घरातला. घरी ऊस, पण भाऊ चार. हा धाकटा नोकरीसाठी आमच्या कोरड्या मुलखात आला. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. परीक्षानळ्या धुणं, घंटा देणं, साहित्य मांडणं ही त्याची कामं. पण त्याच्या हाताला जे येत होतं ते आमच्यातल्या एकाही पदवीधराला येत नव्हतं. मी एका जुन्या पुस्तकातून आरसा घासायची कृती त्याला वाचून दाखवली आणि त्यानं आषाढात दोन जाड काचा घेऊन काम सुरू केलं.

तो पावसाळा मला अजून ऐकू येतो. प्रयोगशाळेमागच्या पडवीत एक रिकामं पिंप उलटं ठेवलेलं. त्यावर एक काच घट्ट बसवलेली, तिच्यावर दुसरी, मध्ये ओली वाळूसारखी पूड. भूपाल वरची काच पुढं-मागं ढकलायचा आणि ढकलता ढकलता पिंपाभोवती एकेक पाऊल सरकायचा. सर्र, सर्र, सर्र. शाळा सुटल्यावर दोन तास रोज. तिकडं पाऊस म्हणजे नुसता वारा आणि चार थेंब. त्या वाऱ्यात हा आवाज मिसळून जायचा. मी शेजारी वह्या तपासत बसायचो.

त्याच्या घरात चातुर्मास कडक पाळायचे. सूर्य मावळायच्या आत जेवण. साडेपाचला तो हात धुऊन पडवीतच डबा सोडायचा, मला म्हणायचा, “सर, तुमचं पोट रातीपर्यंत तिष्ठत बसणार. आमचं बघा, दिवसाउजेडी मोकळं.” त्याची बायको पद्मावतीवहिनी कधी डबा घेऊन यायच्या, बरोबर धाकटी लेक सुनंदा असायची. वहिनी पिंपाकडं बघून म्हणायच्या, “देवाभोवती एवढ्या फेऱ्या मारल्या असत्या तर एव्हाना मोक्ष मिळाला असता.” भूपाल हसायचा, पण हात थांबवायचा नाही.

पाणी गाळून घ्यायची त्यांची पिढीजात सवय. प्यायचंच नव्हे, काचेवर घालायचं पाणीसुद्धा तो तिहेरी फडक्यातून गाळायचा. जीव मरू नये म्हणून, असं तो म्हणायचा. पण त्यामुळं पाण्यातून एक खडासुद्धा काचेवर गेला नाही आणि आरशावर ओरखडा उठला नाही. पुस्तकात शेवटच्या पायरीला दहा सूचना होत्या. भूपालला त्यातली एकही शिकवावी लागली नाही. आश्विनात राळेवर घासून काच झळाळली. एका डब्याला टाचणीनं भोक पाडून, आत दिवा ठेवून, दाढीच्या पात्याच्या धारेनं त्यानं आरशाची वाकण तपासली. तीन रात्री तपासली. मग एवढंच म्हणाला, “झाला, सर.” पुण्याहून मुलामा करून आणला. सुतारानं बैठक केली.

आता माझा भाग.

पलीकडच्या गावच्या शाळेनं त्याच वर्षी एक तयार दुर्बीण आणली होती. शंभर पटीची, असा तिकडं बोलबाला होता. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. कुस्तीच्या मैदानात आपल्या गावचा मल्ल चितपट होऊ नये, तसली त्यांची ईर्षा. मला म्हणाले, “गुरुजी, त्यांची शंभरची, मग आपली दोनशेची पायजे.” मी हिशेब करून सांगितलं की आयपीस सहाचा लावला तर दोनशे होते. लगेच पेंटर बोलावला आणि नळीवर तांबड्या ऑइलपेंटनं ठळक अक्षरांत लिहून घेतलं: ‘दोनशे पट’. दुर्बिणीतून तोवर कुणी एक चांदणीसुद्धा बघितली नव्हती.

गावाला दुर्बीण दाखवायचा कार्यक्रम ठरला, आणि त्याला एक जादा वजन होतं. संस्थेचे सचिव येणार होते. दुर्बीण चालली तर भूपालनं संस्थेच्या बाकीच्या शाळांत जाऊन आरसे करायला शिकवायचं, आणि त्याला परिचरावरून बढती देऊन प्रयोगशाळा सहायक करायचं, असं बोलणं झालं होतं. कागद तयार होता. दहा-बारा दिवसांनी बैठक, तिथं सही. भूपालनं दुसऱ्या, आठ इंची आरशाची काचही घासायला घेतली होती.

मार्गशीर्षातली चंद्र नसलेली संध्याकाळ. मैदानावर सतरंज्या, दीड-दोनशे माणूस, बाया डोईवर पदर ओढून एका बाजूला. कृत्तिका चांगल्या हातभर वर आलेल्या. भूपाल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सर, पंचवीसचा लावा. आधी सगळा पुंजका बघू द्या लोकांस्नी. मग मोठं काय ते दावू.” पंचवीसचा आयपीस त्याच्या हातातच होता, रुमालात गुंडाळलेला. मी म्हटलं, नळीवर काय लिहिलंय ते वाच. आणि सहाचा लावला.

ज्यानं कधी दुर्बीण वापरली नाही त्याला सांगतो. दोनशे पटीत आभाळाचा जो तुकडा दिसतो तो चंद्राच्या निम्म्याएवढा. पृथ्वी फिरते, त्यामुळं त्या तुकड्यातली चांदणी एका मिनिटात सरकून निघून जाते. सगळ्या कृत्तिका तर त्यात मावतच नाहीत. एक माणूस वाकणार, नळीला धरणार, नळी हलणार; तोवर चांदणी गेलेली. मी परत शोधायची, पुढचा वाकायचा, काळोख. सचिव वाकले, काळोख. सरपंच वाकले, काळोख. सुभेदार बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, झाकण काढलंय नव्हं?” मैदान हसलं. मागून कुणी म्हणालं की दोनशे पट काळोख दिसतोय, शाळेनं अंधार बघायला दुर्बीण आणली. बायांच्या बाजूलाही खसखस पिकली. सचिवांनी माझ्याकडं बघितलं. 

आणि मी म्हणालो, “आरशात दोष राहिलाय साहेब. शेवटी घरगुती घासलेला आरसा. परिचरानं केलेलं काम.”

मी हे मोठ्यानं म्हणालो. शिक्षकाचा आवाज, मागच्या सतरंजीपर्यंत पोचणारा. भूपाल दुर्बिणीच्या पलीकडं उभा होता. बायांच्या बाजूला पद्मावतीवहिनी होत्या आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून दहा वर्षांची सुनंदा.  रुमालातला आयपीस भूपालनं प्रयोगशाळेच्या कपाटात त्याच्या जागी नेऊन ठेवला.

थंडी पडली की ती संध्याकाळ अशी अख्खी येते. वाळल्या गवताचा वास, पेट्रोमॅक्सची फुरफुर, आणि माझा स्वतःचा आवाज. माणसाला आपला आवाज सहसा आठवत नाही. मला तो एका वाक्यापुरता आठवतो.

आठव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मी एकटाच शाळेत गेलो. काय म्हणून गेलो ते आता सांगता येणार नाही. पंचवीसचा आयपीस लावला आणि नळी कृत्तिकांकडं वळवली. सगळ्या एकदम समोर आल्या. मोठ्या, मधल्या, त्यांच्यामागं बारीक रांगोळीसारख्या, प्रत्येक टाचणीच्या टोकाएवढी आणि तितकीच टोकदार. कडेपर्यंत एकही फिसकटलेली नाही. मी नळीला हात न लावता बघत राहिलो. हळूहळू सरकत चांगली चार मिनिटं त्या समोर राहिल्या. कृतीच्या पुस्तकात चांगल्या आरशाचं वर्णन होतं, ते सगळं तिथं होतं.

बैठकीला अजून तीन-चार दिवस होते. सायकलवरून अध्यक्षांच्या घरी जायला दहा मिनिटं लागली असती. मी दुर्बीण उचलून आत ठेवली, कुलूप लावलं आणि खोलीवर जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली. गेलो तर काय सांगायचं होतं? नळीवर ‘दोनशे पट’ मी लिहून घेतलं होतं. भिंग मी निवडलं होतं. भूपालनं सांगितलं असताना त्याला गप्प मी केलं होतं. दोष आरशाचा नाही म्हटलं की तो माझ्याशिवाय कुणाचाच उरत नव्हता.

कागदावर सही झाली नाही. आठ इंची काच अर्धी घासून तशीच राहिली. पुढं कुणीतरी ती बरणीवर झाकण म्हणून वापरली. भूपाल आणखी वीस-बावीस वर्षं घंटा देत राहिला आणि परिचर म्हणूनच निवृत्त झाला. त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं नाही, नमस्कार सोडला नाही. मला तेच जास्त जड गेलं.

यंदा बत्तीसचा आयपीस आला तेव्हा मी तो दोन संध्याकाळी परसात लावून बघितला. आणि मुलाला म्हटलं, रविवारी गाडी काढ, सांगलीला जायचं आहे, दुर्बीण बरोबर घ्यायची आहे. त्यानं कारण विचारलं नाही. म्हाताऱ्यांच्या लहरींना आता घरात सगळे सरावले आहेत.

भूपाल लेकीकडं राहतो, नदीकाठच्या गावात. सुनंदा आता चव्वेचाळीसची, तिथल्याच शाळेत बालवाडीची मुलं सांभाळते. आम्ही पोचलो तेव्हा भूपालचं जेवण उरकलं होतं आणि सूर्य मावळायला अवकाश होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पाठीला बाक. भिंतीवर पद्मावतीवहिनींचा फोटो, चंदनाचा हार. दोन वर्षं झाली त्यांना. मला कळलं होतं. मी फोन केला होता, आलो नव्हतो.

गच्चीवर दुर्बीण लावली. इथं ऊस, नदीचं धुकं, गावाचे दिवे. आटपाडीचं आभाळ नाही. तरी दिवेलागणीनंतर तासाभरात कृत्तिका दिसल्या. मी बत्तीसचा लावला. भूपालनं आधी डोळा लावला नाही. नळीच्या तोंडातून हात न घालता नुसतं आत वाकून बघितलं, आरशाकडं. मग सुनंदाला म्हणाला, तू बघ. ती बराच वेळ बघत राहिली.

“कडंच्या चांदण्या पसरट दिसत्यात का गं?” त्यानं विचारलं.

“न्हाई, दादा. सगळ्या बारीक हाईत. लय हाईत.”

त्यानं मान हलवली, कारागीर हलवतो तशी, आणि खुर्चीत बसला. मी तिथंच, उभ्या उभ्या, जे सांगायचं ते सांगितलं. आयपीस, रंगवलेली नळी, सचिवांसमोरचं वाक्य. आरसा चांगला होता हे मला नंतर लक्षात आलं, असं म्हणालो. ‘नंतर’ एवढंच म्हणालो.

भूपाल खालच्या उसाकडं बघत होता. “मी तीन रात्री पारखला हुता सर. मला म्हाईत हुतं की,” तो म्हणाला. “पर हिच्या आईला पटलं न्हाई कवा. मी दोनदा सांगितलं. म्हणायची, तुमचंच कायतरी चुकलं आसंल. सर कशाला खोटं बोलतील?”

 

सुनंदा दुर्बिणीशीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं विचारलं, “सर, तुमाला कवा कळलं? नंतर म्हंजी कवा?”

निवृत्तीनंतर, असं म्हणता आलं असतं. बुरशी पुसताना, असंही. ते तिला खरं वाटलं असतं आणि मला घरी परत जाता आलं असतं.

“आठ दिवसांत,” मी म्हणालो.

तिनं वडलांकडं बघितलं. ते अजून उसाकडंच बघत होते.

“मग आई हुती की, सर,” ती म्हणाली. “त्याच्यानंतर तीस वर्सं हुती.”

आवाज चढवला नाही तिनं.  दुर्बीण तिथंच ठेवून आलो. ती मुळात त्यांचीच. ज्या मैदानावर मी ते बोललो तिथले बहुतेक लोक आता नाहीत, आणि जे आहेत त्यांना ती संध्याकाळ आठवत नसेल. तरी कुणाच्या वाचनात आलं तर यावं म्हणून लिहून ठेवतो. त्या वर्षी आमच्या शाळेचा आरसा भूपाल चौगुले यांनी घासला. तो उत्तम होता, अजून आहे. भिंग मी चुकीचं निवडलं. खोटं मी बोललो.